काळ्या चष्म्याचा माणूस

मुलांनो, वेशभूषेसाठी सिनेमातल्या नायकासारखी बंदूक तुम्ही स्वस्तात शोधताय, असं तुमची आई फोनवर म्हणाली, म्हणून हे सांगते. नोकरीतली बरीच प्रकरणं मी विसरले आहे, पण काळ्या चष्म्याचा तो माणूस अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

तेव्हा गडचिरोलीच्या जंगलातल्या एका ठाण्याची मी प्रभारी होते. धान कापून झालं होतं, गावोगाव नाटकं सुरू होती. एका सकाळी सरपणाला गेलेली बाई धापा टाकत ठाण्यात आली.

"बाई, नाल्यापल्याड माणूस उभा हाये. काळा कोट, काळा चष्मा, खांद्यावर बंदूक. म्या हाक देल्ली. हालत नाई, बोलत नाई."

"आजच दिसला?"

"काल बी होता. परवा बी. तिथीच."

स्टेशन डायरीत नोंद घेतली. आमच्या नक्षलग्रस्त भागात अशी खबर हसण्यावारी नेता येत नसे. हवालदार म्हणाले, "मॅडम, हा वेश तर नाटकातल्या हिरोचा वाटते." म्हणून नाटकांना कपडे पुरवणाऱ्या वडसा गावातल्या दुकानदाराला चौकशीला बोलावलं.

"बंदूक? लाकडाची नळी अन् काळा रंग, मॅडम," तो म्हणाला. "गोळी झाडाची तर पडद्यामागं फटाका फोडा लागते. तो बी उशिरा फुटते. मरणारा आधीच पडून राह्यते."

हवालदार हसले. मी विचारलं, "विकली कुणाला?"

"एक म्हातारा आल्ता. सगळ्यात स्वस्त दाखव म्हणे. म्या म्हटलं, भाड्यानं ने. तर म्हणे, तिथी गेलेलं वापस येत नाई."

"तिथे म्हणजे कुठे?"

"त्याचं तोंड पाहून विचाराची हिंमतच नाई झाली."

हसणं थांबलं. नकली बंदूक दाखवून पोलिसांना पुढे ओढायचं आणि आडोशाने खरी चालवायची, हेही शक्य होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तुकडी घेऊन मी नाला ओलांडला. दाट धुकं होतं. तो उभा होता. आमच्या तोंडातून वाफ निघत होती, त्याच्या नाही.

"बंदूक खाली! हात वर!"

उत्तर नाही. मी दुसरा इशारा दिला. तेव्हा त्याच्या गळ्याशी एक हात आला आणि कोटाचं वरचं बटण सावकाश लावू लागला. शेजारच्या जवानाने नेम धरला.

"थांब!" मी ओरडले. हवालदारांनी गोंडीत मोठ्याने हाक मारली.

कोटामागून एक म्हातारा कानाशी हात धरत पुढे आला. त्याला कमी ऐकू येत होतं. कोट घातला होता पुरुषभर उंचीच्या उभ्या दगडाला. चष्मा फडक्याने, बंदूक दोरीने बांधलेली.

"पोरगा हाये माझा," तो म्हणाला. "तापानं गेला. नाटकात सारे कामं भेटले त्याले, हिरो कधी नाई भेटला. जीव त्यातच होता."

म्हाताऱ्याच्या गावात मेलेल्याच्या नावाने दगड उभा करतात, त्याच्या आवडीच्या वस्तू तिथे ठेवतात आणि त्या परत आणत नाहीत. दुकानदाराचं बोलणं मला तेव्हा उमगलं.

"बाबा, धुक्यात फक्त बंदूक दिसते. उद्या दुसरी तुकडी आली तर गोळी तुम्हाला लागेल."

"काऊन? माझ्या पोराले भेले का तुमी?"

जवानाने रायफल खाली केली, तसा म्हाताऱ्याने लाकडी बंदुकीवर हात ठेवला.

"नेता का मंग तिले?"

पंचनामा करून ती जप्त करता आली असती. मी म्हणाले, "तुम्हीच सांगा काय करायचं." त्याने दोरी सोडली, बंदूक दगडाच्या पायाशी आडवी ठेवली आणि वरून तणीस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरली.

"निजू दे. नाटक संपल्यावर हिरो बी निजते."

इशाऱ्याला उत्तर न देणारा माणूस गुन्हेगारच असतो, असं मी तोवर धरून चालत होते. तो बहिरा असू शकतो, दुःखात बुडालेला असू शकतो, माणूस नसूही शकतो. पण त्याच्या हातात बंदूक दिसली की त्याला हे सिद्ध करायला वेळ मिळत नाही. तुमची ती बंदूक पिशवीत घालूनच न्या.

परतताना धुकं विरलं होतं, दगड दगडासारखाच दिसत होता. तरी नाला ओलांडेपर्यंत आमच्यापैकी एकानेही त्याच्याकडे पाठ केली नाही.