तिघांत तीस गुण

नंदुरबारच्या मिरची वाळवायच्या पथारीवर दिवसभर देठं खुडून घरी आलं की शबानाची बोटं अशी चुणचुणत, की मोबाइल हातात घ्यायचीही इच्छा उरत नसे. तरी ती घ्यायची. छत्तिसाव्या वर्षी ऑनलाइन बी.ए. करायचं खूळ तिचं तिनंच डोक्यात घेतलं होतं, आणि आता शेवटचा गटप्रकल्प तेवढा राहिला होता.

गट तिघांचा. दिग्विजय प्रत्येक निरोपाला नुसती अंगठ्याची खूण टाकायचा. त्यापलीकडे त्यानं एक ओळ लिहिली असेल तर शपथ. नवापूरकडच्या डोंगरातली प्रिस्किला ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. 'ताई, फडात रेंज नाही, जमेल तसं करते,' असा तिचा व्हॉइस मेसेज एकदा आला, मग सगळं गप्प. वीस पानं शबानानं एकटीनं रेटली. ती थकली होती, आणि खरं सांगायचं तर चिडलीही होती.

मग सरांचा फॉर्म आला. गटप्रमुख शबानाच. तीस गुण तिघांत कामाप्रमाणे वाटायचे, पास व्हायला दहा हवेत. दहा-दहा केले असते तर तिघंही सुटले असते. पण का म्हणून? तिनं स्वतःला बावीस लिहिले, त्या दोघांना चार-चार, आणि फॉर्म पाठवून दिला.

निकाल लागला. दिग्विजय गटातून निघून गेला. प्रिस्किलाचा व्हॉइस मेसेज आला, मागे ट्रॅक्टर धडधडत होता. 'ताई, तुमचं काही चुकलं नाही. काम तुम्हीच केलं. मी पुढच्या साली परत बसते.' तिनं चार शिव्या दिल्या असत्या तर शबानाला बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पथारीवर तिचा हात उचलेना. शेजारच्या रशिदाखालानं स्वतःची खुडलेली मूठ तिच्या टोपलीत टाकली. मग आणखी एक.

"खाला, ऱ्हाऊ दे."

"आज तुन्हा हात चाली नही ऱ्हायना," खाला मान वर न करता म्हणाली. "काल मन्हा तरी कुठे चालत व्हता?"

पथारीवर हे रोजचंच. मजुरी टोपलीमागे मिळते, तरी मागे पडलेलीच्या टोपलीत शेजारीण मूठ टाकते, त्याचा फॉर्म कुणी भरत नाही. शबानाही वर्षानुवर्षं टाकत आली होती.

दुपारी टोपली भरली. तिच्यातली निम्मी मिरची खालानं खुडलेली होती.