भुंग्याचा थरथराट

माझ्या धाकट्या भावाला घरात सगळे भुंग्या म्हणतात. शाळेत असताना बिघडलेला रेडिओ उघडून त्याने त्यातून असे काही आवाज काढले की आईचं डोकं उठलं. पुढे तेच त्याचं काम झालं. कीबोर्ड, वायरी आणि खटक्यांची पेटी घेऊन तो छोट्या हॉलमध्ये वाजवायचा. गाणं नाही, शब्द नाहीत, तरी पोरंपोरी डोळे मिटून डोलायची.

मग एका दिग्दर्शकाने त्याला मालिकेचं काम दिलं. खुनी दाराशी येतो त्या प्रसंगासाठी भुंग्याने खोल आवाजातला एक थरथराट बनवला. मालिका तुफान चालली. लोकांनी तो आवाज फोनच्या रिंगला लावला, आणि आम्हीही कॉलर ताठ करून फिरलो.

तेव्हापासून तो जो अडकला, तो अडकलाच. नवं काम यायचं तेच दृश्याखाली त्याचा जुना थरथराट चिकटवून. वर सांगणं, "असंच हवं, फक्त नवीन." स्टुडिओला खिडकी नाही, भिंतींना जाड फोम. दार लावलं की स्वतःचा श्वास ऐकू येतो. तिथे बसून तो वर्षानुवर्षं स्वतःचीच नक्कल करत राहिला.

मध्यंतरी त्याच दिग्दर्शकाच्या चित्रपटाचं काम आलं. त्यात एक बाई वारलेल्या नवऱ्याच्या शर्टांना इस्त्री करते. भुंग्याने तिथे इस्त्रीची वाफ आणि मधूनच एक बारीक सूर, एवढंच ठेवलं. ते ऐकून दिग्दर्शकाने चष्मा काढून डोळे पुसले.

"कमाल केलीस! आता याच्याखाली आपला थरथराट सोड."

"अहो, ती इस्त्री करतेय. खून नाही करत."

"काहीतरी होणार असं वाटायला नको?"

"व्हायचं ते होऊन गेलंय तिचं."

"राजा, लोक त्या आवाजासाठी येतात. ऐक माझं."

भुंग्याने ऐकलं. घरी त्याची बायको भडकली, "नाही म्हणायला काय झालं होतं?"

"मी नाही म्हटलं तर दुसरा करेल," तो म्हणाला. "आता तो आवाज कुणालाही येतो. माझ्यापेक्षा बरा."

पहिल्या खेळाला आम्ही तिघं गेलो. इस्त्रीचा प्रसंग आला, थरथराट सुरू झाला, आणि मागून कुणीतरी कुजबुजलं, "आता हिचा गळा दाबणार बघ." दोघंतिघं हसले. भुंग्या मान न वळवता पडद्याकडे बघत राहिला.

मध्यंतरात लोकांनी त्याच्यासोबत फोटो काढले. तो भिंतीला टेकून प्रत्येकाकडे बघून हसला.

"चल, घरी जाऊ," मी म्हटलं.

"अर्धा राहिलाय ताई," असं म्हणत तो पुन्हा आत शिरला.