नियम नसलेलं गाव

स्लाइडवर लिहिलं होतं, "या गावात तलावातील मासेमारीबाबत सामाजिक नियम आढळत नाहीत." आणि त्याखाली लाल अक्षरांत, "सबब तलावाचे व्यवस्थापन बाहेरील संस्थेकडे द्यावे."

मी खुर्चीत सरळ झाले. त्या गावातला सर्व्हे माझ्या टीमनं केला होता.

गडचिरोलीतल्या आमच्या ऑफिसात सरांची तालीम चालली होती. हेच प्रेझेंटेशन सोमवारी जिल्ह्याच्या बैठकीत जायचं होतं. सर पुण्याचे, डॉक्टरेट केलेले, प्रोजेक्टचे प्रमुख. मी चंद्रपूरची, फील्ड सुपरवायझर. वीस वर्षं लोकांच्या ओसरीवर बसून फॉर्म भरत आलेली.

"सर, या गावात नियम आहेत," मी म्हटलं.

"डेटा 'नाही' म्हणतोय, मॅडम."

"कोणत्या प्रश्नाचा डेटा?"

सरांनी फॉर्म काढला. प्रश्न चौदा. 'मासे अंडी घालतात त्या दिवसांत गावातलं कोणी मासे पकडतं का?' बहुतेकांनी 'हो' सांगितलं होतं. मग झालं कोडिंग. कोडिंग म्हणजे उत्तरांना आकडे देणं, कॉम्प्युटरला माणसांची भाषा कळत नाही म्हणून. 'हो' म्हणजे शून्य, अर्थात नियम नाही. 'नाही' म्हणजे एक, अर्थात नियम आहे. शून्यांची रांग लागली आणि गाव बेशिस्त ठरलं.

घोळ 'नॉर्म' या शब्दात आहे. अभ्यासक लोक तो दोन अर्थांनी वापरतात. एक, लोक काय करतात. दुसरा, काय करायला हवं असं लोक मानतात. आमच्या फॉर्मनं विचारलं पहिलं आणि रिपोर्टनं छापलं दुसरं. हे कळायला डॉक्टरेट लागत नाही. ती असली तर कळायला वेळ लागतो, एवढंच.

माझीही चूक होतीच. फॉर्म पुण्याहून इंग्रजीत आला, पण त्याचं मराठी मीच केलं होतं. ट्रेनिंगच्या दिवशी प्रश्न चौदा वाचताना मला तो खटकलाही होता. जेवणाची वेळ झाली होती. मी बोलले नाही.

"सर, काल तुम्ही बसस्टँडजवळ सिग्नल तोडला. म्हणून गडचिरोलीत वाहतुकीचे नियम नाहीत का?"

"हे बघा," सर म्हणाले, "आपण समाजशास्त्रज्ञ आहोत. जे आहे ते मांडायचं. काय असावं ते सांगणं आपलं काम नाही. ते नॉर्मेटिव्ह झालं."

"मग खाली 'द्यावे' कोणी लिहिलं?"

"ती रेकमेंडेशन आहे."

"आमच्या शाळेत त्याला विध्यर्थ म्हणायचे, सर."

पलीकडे कोणीतरी चहात हसलं. सरांनी लॅपटॉप मिटला. "इमोशनल होऊ नका. एव्हिडन्स असेल तर आणा."

दुसऱ्या दिवशी एसटीनं गावात गेले. ताराबाई अंगणात जाळं दुरुस्त करत बसल्या होत्या. त्या मच्छीमार सोसायटीच्या अध्यक्ष. गावातली निम्मी घरं त्याच तलावावर जगतात. तलाव बाहेरच्या संस्थेकडे गेला असता तर या लोकांना त्याच पाण्यात मजुरीनं उतरावं लागलं असतं.

"ताराबाई, अंडी घालायच्या दिवसांत मासे पकडतात, असं तुम्ही फॉर्मवर सांगितलं होतं?"

"सांगतलं. पकडतेच दोघं-तिघं. खोटं बोलू काऊन?"

"पण पकडावेत का?"

त्यांचे हात थांबले. "हे काय इचारनं झालं, बाई? पोटुशी मासोळी कोनी मारते का?"

"मग जे पकडतात, त्यांचं काय करता?"

त्या जाळ्याकडे बघतच म्हणाल्या, "मागच्या साली माह्या जावयानंच टाकलं जाळं. त्याले गावापुढं उभा केला अन् जाळं म्या माह्या हातानं कापलं. नवं होतं. तवापासून पोरगी घरी येत नाई. फोनबी उचलत नाई."

मी सर्व्हेवालीनं विचारावं तसंच विचारलं, "हे फॉर्म भरताना का नाही सांगितलंत?"

"तुमच्या त्या फॉर्मवाल्या मॅडमनं इचारलंच नाई. हो का नाई, एवढंच सांगा म्हने."

मी त्यांना स्लाइडचं सांगितलं. त्यांनी जाळं बाजूला टाकलं.

"आमाले नेम नाई म्हनते? कोन म्हनते? मले दाखव त्याले."

सोमवारी त्या माझ्याबरोबर बैठकीला आल्या. सरांना ते आवडलं नाही. दरम्यान त्यांनी स्लाइडवर 'आढळत नाहीत'च्या जागी 'कमकुवत आहेत' केलं होतं. लाल ओळ तशीच होती. यालाच ते तडजोड म्हणत.

मी परवानगी मागितली आणि ताराबाई उभ्या राहिल्या. जावयाचं सगळं सांगितलं. मुलगी फोन उचलत नाही, तेही सांगितलं.

बैठक घेणाऱ्या जिल्ह्याच्या साहेबांनी विचारलं, "बाई, नियम आहे तर लोक मोडतात कसे?"

"साहेब, चोरी कराव नाई असं तुमचा कायदाबी म्हनते ना? मंग पोलीस कायले ठेवले?"

हॉलमध्ये हशा झाला. ताराबाई हसल्या नाहीत. "नेम नसता त माही पोरगी माह्यावर काऊन रुसली असती, साहेब?"

हसणं थांबलं. साहेब सरांकडे वळले. "नियम मोडला तर गाव काय करतं, असा प्रश्न तुमच्या फॉर्ममध्ये होता?"

"तो स्कोपमध्ये नव्हता, सर."

"मग शिफारस काढा आणि सर्व्हे पुन्हा करा."

तलाव सोसायटीकडेच राहिला. दुसऱ्या सर्व्हेत त्या गावाचे नियम अतिशय मजबूत निघाले. सरांनी त्यावर पेपर लिहिला. त्यात ताराबाई 'सँक्शनिंग एजंट', म्हणजे नियम मोडणाऱ्याला शिक्षा करणारा घटक, आहेत आणि त्यांची मुलगी 'सामाजिक किंमत' आहे. नियम मुळात सरांनीच शोधून काढले, असा एकूण सूर आहे. माझं कॉन्ट्रॅक्ट पुढं वाढलं नाही. कारण दिलं, वस्तुनिष्ठतेचा अभाव.

ताराबाईंच्या मुलीनं अजून फोन उचललेला नाही.

वीस वर्षांत शिकले ते इतकंच. गावाचा नियम समजून घ्यायचा असेल तर तो किती जण पाळतात हे मोजत बसू नका. तो पाळायला लावताना कोणाचं काय गेलं, ते विचारा. आणि उत्तर लिहायला फॉर्ममध्ये दोन ओळी जागा सोडा.