सुनंदाचा खांदा

आमच्या लहानशा शहरात बेसबॉलचं स्टेडियम झालं, तेव्हा मी सुनंदाला ओढूनच पाहायला नेलं. शाळेच्या संघात ती चेंडू फेकायची, मी झेलायची. तेव्हा आधी दगड वेचावे लागत, मग खेळ. इथे मऊ हिरवळ होती आणि रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा उन्हात तापत होत्या.

“मुलींचा संघ आहे का हो?” तिने वॉचमनला विचारलं.

“संघ कुणाचाच नाही, ताई. उद्या लग्न आहे, परवापासून साड्यांचा सेल.”

सुनंदा सरळ मैदानात शिरली. चेंडू फेकणाऱ्यासाठी केलेल्या मातीच्या उंचवट्यावर चढली आणि सवयीने तिने उजवा हात उचलला. तो खांद्याच्या वर गेलाच नाही. खानावळीत वर्षानुवर्षं पोळ्या लाटून तिचा खांदा आखडला आहे.

आम्ही जन्मभर जागा नाही म्हणून हळहळलो. जागेची वाट पाहता पाहता अंगातला खेळच निघून जातो, हे कधी ध्यानात आलं नाही.

“पुन्हा एकदा बघ ना,” मी म्हणाले.

“नको गं. निदान बघायला तरी मिळालं.”

तिच्या आवाजात थोडा राग असता, तर मला बरं वाटलं असतं.