चिंचेनं घासलेली राणी

डोंबिवलीत मी टिकले ती आमच्या शेजारणीच्या चुलतसासऱ्यांमुळे, हे आधी सांगते. आणि त्यांच्याइतका संतापी माणूस खाडीच्या दोन्ही तीरांवर सापडायचा नाही, हे लगेच सांगते. सातवीत शाळा सुटलेली, लातूरकडची मी. एमआयडीसीतल्या पदकांच्या कारखान्यात त्यांनीच मला पुसण्या-घासण्याच्या कामाला लावलं. तिथं पदकांवरचे चेहरे हेच काका कोरायचे. सकाळी चहावर चिडायचे (‘हा चहा नाही, चहाची नुसती बातमी आहे!’), दुपारी पंख्यावर आणि उरलेला वेळ गिऱ्हाइकांवर. एका मंडळानं जुन्या काळच्या एका राणीच्या गौरवासाठी ब्राँझचं ताटलीएवढं पदक मागवलं. नमुना बघून अध्यक्ष म्हणाले, ‘काका, नाक जरा सरळ करा ना, सिरियलमधल्या राणीसारखं.’ काका उसळले, ‘अहो, याच नाकानं तिनं राज्य केलं! नटी हवी तर बॅनर लावा!’ नाक होतं तसंच राहिलं.

पदक ओतल्यावर आठ दिवस खपून काकांनी त्यावर गडद तपकिरी झाक चढवली. दसऱ्याला ते द्यायचं, आणि आदल्या दिवशी, खंडेनवमीला, मी घोळ घातला. आमच्याकडे पूजेआधी तांबं-पितळ चिंच-मिठानं लखलखीत करतात. हत्यारं पुसली, तशी राणीही घासली. कशी सोन्यासारखी झळकली! मालक ओरडले, ‘बाई, घरी जा. परत येऊ नकोस.’ गावी परतायचं तर कोणत्या तोंडानं?

तेवढ्यात काका गरजले, ‘तिच्यावर काय ओरडता? मीच घासायला सांगितलं. रंग मनासारखा आला नव्हता.’ अध्यक्षांसाठी केसभर नाक न हलवणारा माणूस माझ्यासाठी धडधडीत खोटं बोलला! मग पहाटेपर्यंत ती झाक परत आणायला राणीला तापवत, औषध लावत मला तोंडानं झोडपत होते, ‘अगं, राणी आहे ती, देवघरातला तांब्या नव्हे! चिंच आमटीत घालतात!’ आणि समारंभात अध्यक्ष काय म्हणाले असतील? ‘थोडं चकचकीत चाललं असतं.’ काका न जेवता उठून आले.

आता हात थरथरतात म्हणून ते कल्याणला लेकीकडे असतात. मी कोरायला शिकतेय. रविवारी काम दाखवायला नेते. ते चिडायला सुरुवात करतात, पण मध्येच दमतात. इतके चेहरे कोरले, एकाही पदकामागे त्यांचं नाव नाही. काका, माझ्या हातचं पहिलं पदक निघेल, त्याच्या पाठीवर तुमचं नाव कोरीन. चिडलात तरी कोरीन.