सचिवांच्या नावाचा डबा

त्या दुष्काळात आमच्या घरात कुणीही उपाशी नव्हतं. हे मी इतकी वर्षं गावाला सांगते आहे. गाव समजुतीनं मान हलवतं आणि विषय बदलतं.

आमचं गाव चौसाळ्याच्या फाट्यापासून आत. नवरा गावच्या दूध संस्थेचा सचिव, मी बायकांच्या बचत गटाची अध्यक्ष, आणि सासूबाई (आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो) आम्हा दोघांच्याही वरच्या. त्या साली उसाला पाणीच नव्हतं. कारखान्यांचे पट्टे लवकर पडले, म्हणजे गाळप थांबलं, आणि तोडीला गेलेली माणसं अर्ध्या हंगामात गावात परत आली. घरात दाणा नाही, हाताला काम नाही आणि मागायची सवय नाही. यातली तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड. म्हणून आम्ही गटातर्फे धान्य बँक काढली. ज्याच्याकडे आहे त्यानं पायली-अधोली आणून घालायची, ज्याच्याकडे नाही त्यानं न्यायची.

नियम मी केले. (नियम करायला मला आवडतं.) नड असेल त्यानं सकाळी संस्थेच्या ओट्यावर रिकामा डबा ठेवून जायचं. कुणी ठेवला ते बघायचं नाही, विचारायचं तर नाहीच. दुपारी आम्ही तो ज्वारीनं भरणार. संध्याकाळी सगळं गाव किटल्या, कॅन, चरव्या घेऊन दूध घालायला येतं, त्या गर्दीत ज्यानं त्यानं आपापला डबा उचलायचा. कुणाच्या हातात दूध आहे आणि कुणाच्या ज्वारी, कुणाला पत्ता लागत नाही. ज्वारी निवडण्याचं काम मात्र मी कुणाला देत नसे. खड्यांच्या बाबतीत माझा दुसऱ्या बायकांवर भरवसा नव्हता.

आता आमच्या नवऱ्याचा एक गुण सांगते. वस्तू ठोक भावात मिळते म्हटलं की यांना ती लागतेच. एका वर्षी बीडहून यांनी पोतंभर स्टीलचे डबे आणले आणि प्रत्येकावर नाव घालून घेतलं. ‘श्री. रंगनाथराव, सचिव’ एवढं ठसठशीत, आणि त्याखाली ‘यांजकडून सप्रेम भेट’ इतकं बारीक की ते घालणाऱ्यालाच दिसलं असेल. पुढं गावात ज्याच्या घरी लग्न, त्याला आहेर म्हणून डबा. आमचं नाव घराघरात पोचलं. यांना वाटायचं, आपल्याला मान आहे.

त्या दिवशी मी बीडला डोळे दाखवायला गेले होते. डॉक्टर म्हणाले, चष्मा लागलाय. चष्म्याचं दुकान शेजारीच, त्यांच्या भावाचं. मी काय समजायचं ते समजले आणि तशीच परत आले.

फाट्यावर उतरले तर हॉटेलवाल्या जब्बारभाईनं न मागता भज्यांची पुडी हातात दिली.

“कावून? कशाबद्दल?” मी विचारलं.

“असू द्या भाभी. घरात म्हातारं माणूस हाय.”

मला वाटलं, आत्याबाईंचं काहीतरी झालं. पाय उचलून घरी आले तर आत्याबाई ओसरीवर ठणठणीत. समोर गटातली छबू, माझा उजवा हात. मध्ये एक मोकळा डबा, कडीला हिरव्या काठाची चिंधी बांधलेला.

“सुमन, तुझ्या बायका लई गुणाच्या,” आत्याबाई म्हणाल्या. “भरून डबा आणून दिला. मी कोठीत वतून घेतला.”

छबूनं माझा हात धरला. “वैनी, एका शब्दानं बोलला न्हाईत. सकाळी ओट्यावर डबा बगितला, सचिवांचं नाव वाचलं; आहेराचा डबा कुनी नडीला काडत न्हाई, म्हंजी तुमच्याच घरचा. म्हनलं, सचिवाच्या बायकूला गर्दीत डबा उचलाया कावून लावायचं? आपनच घरपोच देऊ. भर दुपारी गावातून डोईवर घेऊन आले.”

“छबे, डबा आमचा नाही.”

“असू द्या वैनी. तुमीच म्हनता ना, इचारायचं न्हाई. मी इचारलंय का?”

 डबा आमच्या आहेराचा होता, हे लख्ख होतं. पण तो कुणाला गेलेला? गावातल्या अर्ध्या लग्नांत गेलेला. आणि हा ज्या घरचा, त्या घरात आज संध्याकाळी चूल पेटायची नाही, कारण त्यांची ज्वारी आत्याबाईंनी आमच्या कोठीत ओतली होती. वरून त्यातली काढून दळायलाही पाठवली होती.

म्हटलं, गुपचूप डबा भरावा, दूध घालायच्या वेळेआधी ओट्यावर नेऊन ठेवावा. ज्याचा तो उचलेल. डबा भरला, उंबऱ्यात आले, आणि समोरून शेजारच्या गयाबाई शेंगदाणे घेऊन आत. त्यांच्यामागं पोस्टमनची बायको, गुळाचा खडा घेऊन. मग एक म्हातारबुवा आमच्या म्हशीसाठी कडब्याची पेंडी घेऊन आले. त्या साली कडबा सोन्यासारखा होता, त्यांची स्वतःची म्हैस सरकारी चारा छावणीत होती. “तुमची तरी दावणीला ऱ्हावी,” एवढं म्हणाले आणि गेले.

मी डबा पदराखाली धरून उभी. पायलीचा डबा पदराखाली मावत नाही. येणारा प्रत्येक जण तो बघायचा आणि लगेच आढ्याकडे बघायचा. नियम सगळ्यांना पाठ होता.

तेवढ्यात हे आले, घामाघूम.

“संस्था बुडाली म्हणतायत!”

“कुणी सांगितलं?”

“सगळं गाव सांगतंय. सचिवाच्याच घरात दाणा न्हाई, तर संस्थेत काय असणार? उद्या दूध घालायचं का न्हाई म्हणून ओट्यावर माणसं जमलीत. एक जण वजनकाटा जागेवर हाय का बघून गेला. मी आत्ता जाऊन सांगतो, डबा आमचा न्हाई.”

“मग कुणाचा, असं विचारतील.”

“विचारू दे की.”

“ओट्यावर सगळं गाव उभं आहे. कुणाचा ते शोधायला निघतील. सापडेलही. मग उद्यापासून एकही डबा ओट्यावर यायचा नाही.”

यांनी बाहीनं घाम पुसला. मग म्हणाले, “म्हंजे मी काय सांगू?”

“आपलाच आहे म्हणून सांगा.”

“अगं, मी सचिव हाय.”

“तेच तर लिहिलंय त्याच्यावर.”

हे गेले. ओट्यावर जाऊन काय बोलले ते मला कधी कळलं नाही. पण माणसं पांगली, आणि एकानं यांना स्वतःच्या घरी जेवायला बोलावलं.

या सगळ्यात दुधाची वेळ टळून गेली. ओटा मोकळा झाला. आता डबा नेऊन ठेवला तरी उचलणारं माणूस केव्हाच येऊन, शोधून, रिकाम्या हातानं परत गेलं असणार. मी डबा ओसरीवर ठेवला आणि पहिल्यांदाच खाली बसले. मला पुढं काय करावं सुचत नाही, असं फारसं होत नाही.

तेव्हा सोजर आली. ऊसतोडीची बाई, पट्टा पडल्यावर नवऱ्यासकट परतलेली. पदराखालून तिनं वाटी काढली. वाटीत पीठ होतं, वाटी काही गच्च भरलेली नव्हती.

“वैनी, सांजच्याला आत्याबाईची एक भाकर हुईल.”

“सोजर, तुझ्या घरात आहे का?”

“हाय की,” ती म्हणाली. हे तिनं इतक्या पटकन म्हटलं की मला खरं वाटलं नाही.

मग तिची नजर डब्यावर गेली. कडीच्या चिंधीवर थांबली. माझी नजर तिच्या पातळावर गेली. हिरवा काठ, आणि एका बाजूनं पट्टी फाडून घेतलेली.

आपला डबा तिनं ओळखला होता. आपली ज्वारी कुठं गेली, तेही तिला आत्ता कळलं होतं. मी वाट बघत होते, आता बोलेल, मग बोलेल. सोजरनं चिंधीवरची नजर काढली, वाटी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाली, “पीठ चाळून घ्या बरं का, कोंडा हाय.”

  नियम मीच केले होते, पण ते असे पाळता येतात हे मला माहीत नव्हतं.

डबा तुझाच आहे, असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं असतं तर तिला मान खाली घालावी लागली असती. मग मी भांड्याचा आधार घेतला. आलेलं भांडं मोकळं परत द्यायचं नाही, हे तर आमच्याकडे पोरंही पाळतात.

“सोजर, ही वाटी मला लई आवडली. राहू दे माझ्याकडं.”

“ऱ्हाऊ द्या की.”

“मग तुला मोकळ्या हातानं कशी पाठवू? हा डबा घेऊन जा.”

“वाटीच्या बदल्यात डबा? वैनी, एवढं कावून?”

“आमच्याकडं डबे लई झालेत. यांना विचार.”

मी वरून शेंगदाणे आणि गूळ घातला, झाकण दाबून बसवलं. तिनं डबा कमरेवर घेतला. पायरी उतरता उतरता थांबली, मागं वळली आणि हळूच म्हणाली, “वैनी, लाजायचं न्हाई. पयल्यांदा जड जातंय. आमीबी लाजलो होतो.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

रात्री जेवायला बसलो. हे बाहेर जेवून आले होते तरी बसले. भाकरी बँकेच्याच ज्वारीची, दळून आलेली. आत्याबाईंनी पहिला घास घेतला, चावायच्या थांबल्या, बोटानं दातातून काहीतरी काढलं आणि कंदिलासमोर धरलं.

“नुसती कचकच लागतीय. सुमन, तुमच्या बँकेची ज्वारी निवडती तरी कोण?”

यांनी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला, आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

सबंध उन्हाळा निम्मं गाव हीच भाकरी खात होतं. एकाही घरानं माझ्यापुढं चकार शब्द काढला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी बीडला गेले आणि डॉक्टरांच्या भावाकडून चष्मा घेऊन आले.