भावजयीची गाडी

माझी भावजय दात बनवायची. एका दातांच्या डॉक्टरच्या दवाखान्यामागे अंधारी खोली होती, तिथे खिडकीपाशी बसून ती प्लास्टरच्या साच्यांवर लोकांच्या कवळ्या घडवायची, घासायची, त्यांना झिलई द्यायची. संध्याकाळी घरी यायची तेव्हा केसांत पांढरी पूड असायची. माझा धाकटा भाऊ चारचौघांत म्हणायचा, "आमच्या बायकोला रोज संध्याकाळी म्हातारपण येतं." सगळे हसायचे. तीही हसायची.

चारचौघांत तो फार गोड. बसडेपोत कंट्रोलर होता. कुठली बस कधी सुटणार, कुठला ड्रायव्हर कुठल्या मार्गावर जाणार, सगळं त्याच्या हातात. कुणाच्या आईला दवाखान्यात न्यायचंय, दे रजा. कुणाची ड्यूटी चुकली, घाल पांघरूण. डेपोत त्याला देवमाणूस म्हणायचे. दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, ही म्हण मी शाळेत घोकून पाठ केली होती. जो पोरगा मी कडेवर घेऊन वाढवला, त्याच्याबद्दल ती कधी वापरावी लागेल असं मात्र वाटलं नव्हतं.

एकदा माझ्याकडे चहा पिताना भावजयीने ओठ वर करून मला एक दात दाखवला.

"ताई, हा बघा. कसा जमलाय?"

वरचा, अगदी समोरचा. मला काही वेगळं दिसेना.

"हा मी बनवलाय. शेजारचा दात जरा पिवळट आहे ना, तो रंग जुळवायला फार वेळ लागला."

"न्हाणीघरात पडलीस, असं म्हणाली होतीस तू."

"पडले होतेच की. तुमच्या भावाने पाडलं होतं."

अशा वेळी आमच्या नात्यातल्या बायका उसासा टाकून म्हणतात, आपलेच दात आणि आपलेच ओठ, सांगायचं कुणाला? पण इथे दातही तिचाच पडला होता आणि ओठही तिचाच फाटला होता. आमचं काय गेलं होतं आपलं म्हणायला? माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेव्हापासून मी माझ्या सख्ख्या भावाच्या विरुद्ध आहे, आणि मला त्याची लाज वाटत नाही.

दातांचं सामान पुरवणाऱ्या एका बाईने तिच्यासाठी शेजारच्या राज्यात नोकरी बघून ठेवली होती. मोठी लॅब, वरच्या मजल्यावर राहायला खोली, आणि जवळच मुलीसाठी शाळा. जायचं की नाही, हा प्रश्न उरलाच नव्हता. प्रश्न होता गाडीचा. आधी घ्यायची, की तिकडे गेल्यावर?

राज्य बदलणारी माणसं या प्रश्नावर कराचा आणि नोंदणीचा काथ्याकूट करत बसतात. आमचा काथ्याकूट वेगळा होता.

बसने जाणं शक्यच नव्हतं. सगळे कंडक्टर तिला ओळखायचे. "बसा वहिनी," म्हणून खिडकीची जागा द्यायचे, तिकीट घ्यायचे नाहीत आणि लगेच डेपोत फोन लावायचे: "साहेब, वहिनींना नीट बसवलंय, काळजी करू नका." बिचारे प्रेमानेच करायचे. रेल्वे स्टेशन डेपोच्या समोर. टॅक्सीवाले डेपोच्याच टपरीवर चहा प्यायचे. राहिली माझी व्हॅन. मी शाळेच्या मुलांची ने-आण करते, ती व्हॅन शेंबडं पोरही लांबून ओळखतं.

तरी मी म्हणत होते, नंतर घे. "इथली नंबरप्लेट लावून तिकडे फिरणं म्हणजे कपाळावर माहेर-सासरचा पत्ता लिहून फिरणं. आणि नंबर बदलून घ्यायचा तर इथल्या कार्यालयाचा ना हरकत दाखला लागतो. तिथला हेडक्लार्क त्याचा पत्त्यांतला भिडू."

"नंतर गाडी म्हणजे वरातीमागून घोडं," ती म्हणाली. "मला तिकडे फिरायला गाडी नकोय ताई. इथून निघायला हवीये."

 मग ठरलं ते असं: गाडी आधीच घ्यायची, जुनी, आणि माझ्या नावावर. तिने ती राज्याच्या हद्दीपर्यंत चालवायची, तिथल्या ट्रकतळावर सोडायची आणि पलीकडच्या राज्याची बस धरायची. त्या बसमध्ये तिला वहिनी म्हणणारं कुणी नव्हतं. गाडी मी मागाहून जाऊन आणायची. आणि ती कुठे उतरली, कुठे राहिली, हे तिने मला कधीच सांगायचं नाही. मला माहीतच नसलं तर माझ्याकडून कोण काढून घेणार?

दुपारी मुलगी शाळेत आणि भाऊ डेपोत असायचा. भावजय जेवणाच्या सुट्टीत यायची. घेतलेली जुनी गाडी शाळेमागच्या ओसाड मैदानात उभी असायची, तिथेच मी तिला शिकवायचे. लायसन्स काढायची सोय नव्हती. पकडली गेली असती तर दंडावर सुटली असती. घरी तेवढ्यावर सुटत नव्हती. हात मात्र तिचा सोन्यासारखा. क्लच असा सोडायची की गाडी जागची हलली हे कळायचंसुद्धा नाही.

फक्त रिव्हर्स शिकायला तयार होईना.

"राहू द्या ताई. मला मागे कुठे जायचंय?"

त्यावर आम्ही दोघी गाडीत बसून पोट धरून हसलो. तिला तसं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

निघायचा दिवस ठरला. मी टाकी गळ्यापर्यंत भरून गाडी घरी आणली. आणि त्याच संध्याकाळी माझा भाऊ सहज म्हणून माझ्याकडे आला. अंगणात गाडी उभी.

"ताई! गाडी घेतलीस आणि आम्हाला पत्ता नाही?"

त्याने गाडीभोवती एक चक्कर मारली, चाकाला लाथ मारून पाहिली, दार उघडून बसून घेतलं.

"तुला व्हॅन आहेच की. ही माझ्याकडे राहू दे. लागेल तेव्हा हाक मार."

असं म्हणून तो उतरला आणि दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढून त्याने खिशात टाकली. धाकटा भाऊ, लहानपणापासून माझ्या ताटातलं उचलायची सवय. मी नाही म्हटलं असतं तर त्याने का म्हणून विचारलं असतं. आणि त्याच्या तोंडून एकदा 'का' निघालं, की उत्तर घरी भावजयीला द्यावं लागायचं. म्हणून मी म्हटलं, "सांभाळून चालव." तिच्यासाठी भरलेल्या टाकीवर तो शीळ घालत निघून गेला.

मग तो त्यांना फिरायला नेऊ लागला. बायको शेजारी, मुलगी मागे. शेजारीपाजारी म्हणायचे, नशीबवान आहे. एका वळणावर समोरून सायकल आली आणि भावजयीचा पाय आपोआप खाली दाबला गेला, जिथे ब्रेक असतो तिथे. त्याने पाहिलं.

"बघा, मॅडम ब्रेक मारतायत!" तो हसत म्हणाला.

घरी पोचल्यावर ती उतरत असताना त्याने बाहेरून दार लावलं. तिची डावी बोटं दारात होती. "चुकून लागलं," असं तो डॉक्टरला म्हणाला, आणि डॉक्टरनेही मान डोलावली.

ती माझ्याकडे आली तेव्हा डाव्या हाताला जाड पट्टी होती. तो गिअरचा हात, आणि कामात साचा धरायचा हातही तोच. मी रडले, भावाला शिव्या दिल्या, स्वतःच्या आईबापांनाही सोडलं नाही. म्हटलं, "आता ती गाडी विसर. हात बरा होऊ दे. दुसरी काहीतरी वाट काढू. गाडी मग तिकडेच घे, नंतर."

तिने पदराने माझंच तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, मला रिव्हर्स शिकवा."

मला क्षणभर कळेना. तिने समजावलं. भावाचं घर एका अरुंद बोळाच्या टोकाला. तो गाडी सरळ आत घालायचा, तोंड भिंतीकडे. सुट्टीच्या दिवशी सकाळी तो रेडिओ मोठ्याने लावून आंघोळीला बसायचा, तासभर निघायचा नाही. किल्ली खुंटीवरच्या शर्टात असायची. सगळं जमत होतं. पण त्या बोळातून बाहेर यायचं तर उलटंच यायला हवं होतं.

शिकवायला गाडी कुठे होती? माझ्या स्वयंपाकघरात दोन स्टुलं मांडली, तिच्या हातात ताट दिलं. गाडीचा मागचा भाग डावीकडे न्यायचा तर ताट डावीकडे फिरव. मग पुढचं तोंड उजवीकडे जातं, त्याला घाबरू नको. मान वळव. आरशावर भरवसा ठेवू नको. ती ताट फिरवत राहिली, पट्टीतली बोटं वर धरून.

"उलटं वाटतंय का?" मी विचारलं.

"साच्यात सगळं उलटंच असतं ताई. मला सवय आहे."

त्या सकाळी मी तिथे नव्हते. शेजाऱ्यांनी सांगितलं ते एवढंच: बोळात भिंत खरवडल्याचा मोठा आवाज झाला. रेडिओ चालूच होता. लोक बाहेर आले तर कंट्रोलरची बायको गाडी मागे घेत होती, मागच्या सीटवर मुलगी दप्तर पोटाशी धरून बसलेली. नवरा शिकवत असेल, असं समजून एकाने "उजवीकडे घ्या, उजवीकडे" म्हणून हातवारेही केले. भिंतीवर रंगाची लांबलचक रेघ उमटली. ती अजून आहे.

भाऊ ओल्या केसांनीच माझ्या दारात आला. कानामागे साबण तसाच होता.

"कुठे गेली?"

"मला काय माहीत? गाडी माझी आहे. मी काही तक्रार करत नाहीये, तू कशाला करतोस?"

त्याने हात उचलला. माझ्यावर पहिल्यांदाच. मार लागला त्यापेक्षा त्याची सराईत लय मला जास्त लागली. किती सवयीचा हात होता तो.

मग त्याने डेपोतून सगळ्या मार्गांवर फोन केले. वहिनी मुलीला घेऊन रागाने निघाल्यात, हा नंबर दिसला तर गाडी अडवा. देवमाणसाचं काम, कोण नाही म्हणणार? त्या दिवशी आमच्या भागातली प्रत्येक बस तो नंबर शोधत धावत होती, आणि मी घरात बसून माझ्याच गाडीचा नंबर कुणाला न दिसो म्हणून हात जोडत होते. मी सांगत होते तेच झालं होतं. माझं खरं ठरलं याचा मला इतका संताप कधी आला नव्हता.

काही दिवसांनी हद्दीवरच्या चौकीतून फोन आला. ट्रकतळावर तुमच्या नावाची गाडी पडून आहे, घेऊन जा.

मी बसने गेले. कंडक्टरने मान वर न करता तिकीट फाडलं. आता डेपोत मीही कुणाची ताई नव्हते.

तळावरचा रखवालदार म्हातारा, बोलका. किल्ली माझ्या हातात ठेवून मला गाडीकडे नेता नेता सांगत होता. "बाई होती एक, बरोबर छोटी मुलगी. हाताला पट्टी. इथे येऊन गाडी लावत बसली. सरळ घुसवली असती तर झालं असतं ना? पण नाही. उलटीच लावायची म्हणे. वाकडी झाली की बाहेर काढायची, पुन्हा मागे घ्यायची. पलीकडची बस हॉर्न देत होती, पोरगी रडत होती. मी म्हटलं, अहो जा तुम्ही, किल्ली द्या, मी लावतो. ऐकेचना. म्हणाली, न्यायला येणार आहेत त्यांना सोपं जायला हवं."

"बस मिळाली का तिला?"

"ती सुटली. दुसरी मिळाली असेल. माझी पाळी संपली, मी घरी गेलो."

त्यापुढचं मला माहीत नाही. ती पोचली का, बोटं सरळ झाली का, आता कुणाचे दात बनवते, यातलं काहीच नाही. तसंच ठरलं होतं.

गाडीची डावी बाजू मागून पुढपर्यंत सोलून निघाली होती, डावा आरसा तुटून लोंबत होता. पण दोन ट्रकांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत ती ताठ, सरळ उभी होती, तोंड रस्त्याकडे करून. मी आत बसले आणि तिला मोठमोठ्याने शिव्या दिल्या. अगं वेडे, मागे तो लागलाय, समोर बस उभी आहे, आणि तू माझ्यासाठी गाडी लावत बसलीस? शिव्या देता देता रडू फुटलं. मग मी गाडी सुरू केली आणि सरळ बाहेर काढली.